दोन डाव्या बाह्या

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. आमच्याकडची मुंगी दीड वर्ष उंबऱ्यातच बसून आहे. यांचा कोविड पंधरा दिवसांत बरा झाला आणि मग जे सुरू झालं, त्याला डॉक्टर लाँग कोविड म्हणाले. नाव मिळालं, औषध नाही.

आमचं शिंपीकाम. खाली दुकान, वर घर. हे कापणार, मी शिवणार, ही तीस वर्षांची वाटणी. यांनी मापं कधी लिहून घेतली नाहीत, गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचे खांदे यांना आठवायचे. आता चहा घेतला की नाही, हेही मला विचारतात. अर्धा जिना चढला की बसायचं, दमायच्या आधी थांबायचं, एका वेळी एकच काम, ही शिस्त मी लावली. टेबलाशी स्टूल ठेवलं, तर हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कापणारा बसून कापत नाही म्हणे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो असा.

एक गोष्ट मात्र मी यांच्यापासून लपवली होती. मापं घेताना हे आकडे पुटपुटायचे, ते मी मशीनवर बसल्या बसल्या ऐकून गुपचूप टिपून ठेवायची. रोज सकाळी, हे उठायच्या आधी खाली येऊन, यांनी आदल्या दिवशी कापडावर आखलेल्या रेघा तपासायची. चुकलेली रेघ पुसून नवी आखायची. मग हे येऊन त्यावर कात्री चालवायचे. पाच महिने ही झाकली मूठ मी सांभाळली.

गुरुवारी मला जागच आली नाही. मीही माणूसच. खाली आले तोवर यांचं कापून झालं होतं. कापड शाळेतल्या मास्तरांचं होतं. शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि निरोपासाठी आयुष्यातला पहिला कोट शिवून घेत होते. त्या कापडाचा तो शेवटचा तुकडा होता.

दुपारी बाह्या जोडायला घेतल्या. एक बसली. दुसरी कशीही फिरवली तरी बसेना. कापड दुमडून कापलं की डावी-उजवी जोडी निघते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. यांनी एकेरी कापडावर बाहीचा तोच कागदी नमुना, पालथा न करता, दोनदा ठेवला होता. मी ती बाही पटकन अस्तराखाली सरकवली.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काही नाही. दोरा तुटला."

"दोन्ही डाव्या आहेत ना?"

मी मशीन थांबवलं.

"आज तुझी रेघ नव्हती," हे म्हणाले. "तुझा खडू जाड लागतो. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या रेघेवर का होईना, कात्री माझ्या हातात होती. आज म्हटलं, आपलं आपल्याला जमतंय का बघू."

मला रडू आलं आणि यांचा रागही आला. एवढे दिवस मी चोरासारखी पहाटे उठत होते, आणि हे वर जागे राहून माझी पावलं ऐकत होते.

"मास्तरांना दोन डावे हात असते तर बरं झालं असतं," हे म्हणाले. हसलं कुणीच नाही.

उरलेल्या तुकड्यांत काखेखाली जोड देऊन उजवी बाही निघत होती. हे, मी न सांगता, स्टुलावर बसले. वाया गेलेल्या बाहीची एक पट्टी कापून कात्रीच्या अंगठ्याच्या कडीवर गुंडाळू लागले. यांच्या हाताची कात्री मला कायम ढिली व्हायची. पट्टी दोनदा सुटली. मी हात पुढे केला.

"थांब. एवढं करू दे."

मग कात्री माझ्याकडे दिली. "नमुना पालथा ठेवलास ना?"

"ठेवला."

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा "ठेवला" म्हणाले आणि कापायला लागले. कात्री माझ्या अंगठ्याला अगदी बरोबर बसली होती. थोडी तरी ढिली राहायला हवी होती, असं मला सारखं वाटत राहिलं.