नऊ वर्षांची चाकरी आणि एक चापट

होय, मी राउटरच बोलतोय! साल्टपाँड गावात आंटी अराबाचं छोटं सूतिकागृह आहे, तिथला. नऊ वर्षं इथल्या प्रत्येक यंत्राला मी नंबर देतोय. त्यांचे निरोप माझ्या पत्त्यानं बाहेर धाडतो, उत्तर आलं की ज्याचं त्याला नेऊन देतो. कधी चुकलो नाही.

गेल्या मंगळवारी आंटीच्या भावानं, क्वेकूनं, हॅम्बुर्गहून पाठवलेला नवा राउटर येऊन पोचला. परदेशातली भेट वापरात दिसली नाही, तर आमच्याकडे वर्षभर रुसवे चालतात. क्वेकू रविवारी येणार होता. म्हणून आंटीनं स्वतःच तो माझ्यामागे जोडला आणि सगळे संगणक त्याला लावले. हे नवे महाराजही मी देतो तेच नंबर सगळ्यांना देऊ लागले! आत कुठलं आणि बाहेर कुठलं, त्यांनाच कळेना. एकही निरोप माझ्यापर्यंत पोचेना.

त्याच सकाळी एकुआ नावाच्या गरोदर बाईला कळा सुरू झाल्या. पोटात जुळी. तिचा रिपोर्ट केप कोस्टच्या मोठ्या इस्पितळातून संगणकावर यायचा होता. तो पाहिल्याशिवाय तिला इथे ठेवायचं की तिकडे हलवायचं, ठरेना.

“हा म्हातारा मेलाय!” म्हणत आंटीनं मला चापट मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुरुस्तीवाले मास्टर अमिसा धावत आले. दोन्हीकडचे नंबर बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“आंटी, दोन गल्ल्यांना एकच नाव दिलंत, तर टपालवाला जाणार कुठे? काढा तो नवा.”

“काढू? आमची आई बाजारभर सांगत फिरेल, अराबानं भावाची भेट फेकली म्हणून!”

“बाई तिथे ओरडतेय, आणि तुम्हाला भावाच्या रुसव्याचं पडलंय?”

मग आंटीनं स्वतःच वायर उपसली. संगणक पुन्हा मला जोडले आणि दोन मिनिटांत रिपोर्ट आला. रक्त फार कमी होतं. एकुआला लगेच टॅक्सीनं केप कोस्टला नेलं. संध्याकाळी फोन आला, दोन मुली, तिघीही सुखरूप.

शनिवारी मास्टरांनी नव्याचे नंबर बदलून तो पुन्हा लावून दिला. रविवारी आंटी क्वेकूला म्हणाली, “तुझ्या डब्यानं तीन जीव वाचवले रे!” धडधडीत खोटं! लोकहो, निदान दिवा जळतोय तोवर तरी कुणाला मेलेला म्हणू नका.

क्वेकूनं माझ्याकडे बोट केलं. “मग हे भंगार कशाला ठेवलंयस, अक्का?”

आंटीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “असू दे.”

तीन जिवांचं मोल एवढंच. असू दे!