नागमोडी काठ

“सरळ काठच घ्या, ताई. पुसायला सोपा, दिसायला स्वच्छ,” असं म्हणत वहिनींनी नागमोडी काठाचा नमुना कोपरानं हळूच मागे सारला.

दगडाच्या त्या दुकानात लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण मागच्या शेडमध्ये काठ घासणारे मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान. एकोणीस वर्षं दोघं एकाच मालकाकडे; पुढे काउंटरवर त्या, मागे ते. ओट्याचा दगड पसंत केला की गिऱ्हाइकाला वाटे, सुटलो. तेवढ्यात वहिनी विचारत, “आणि काठ कसला देऊ?” सरळ, हाफ राउंड, फुल राउंड, नागमोडी. दगडाचे वीतभर लांबीचे चार तुकडे समोर मांडलेले असत. कुणी घुटमळलं की त्या त्याचं बोट धरून नागमोडीवरून फिरवत आणि म्हणत, “बघा, लोणी!” एवढ्यावर पाचातले चार जण गार. मालक चारचौघांत सांगायचा, “नागमोडी विकावी तर आमच्या वहिनींनी.”

हे दहा दिवसांपूर्वीपर्यंत.

दहा दिवसांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी मिस्त्रींचा एक्स-रे उजेडावर धरला आणि बाकी काही न विचारता म्हणाले, “दगडाचं काम करता ना?” धूळ फुफ्फुसांत जाऊन बसली होती. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा, एवढंच त्यांनी सांगितलं. घरी येताना वहिनींच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. सरळ काठाला पाऊण तास धूळ. नागमोडीला चार तास. आणि त्याला लोणी कोण म्हणालं? आपणच.

दुसऱ्या दिवशी त्या मालकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“पाणी सोडत घासणारं, धूळ न उडवणारं मशीन तीन वर्षं खोक्यात पडलंय. ते यांना द्या.”

“वहिनी, पाण्यावर दुप्पट वेळ लागतो. वर अंगणभर राडा. मास्क दिलाय की मी.”

मास्क म्हणजे कानाला अडकवायची कापडाची पट्टी. संध्याकाळी ती झटकली की आतल्या बाजूनंही पांढरी निघायची. त्या दिवसापासून वहिनी गिऱ्हाइकांना नागमोडीपासून हुसकावून लावू लागल्या. डाग राहतो म्हणाल्या, टवके उडतात म्हणाल्या, फॅशन गेली म्हणाल्या. बहुतेकांना पटलंही.

आजच्या ताई मात्र हलेनात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज मऊ, शब्द न शब्द तोलून बोलणाऱ्या. “नको हो, मला तोच हवाय. मैत्रिणीकडे मी हात फिरवून पाहिलाय. आयुष्यभर भाड्याच्या घरांत चेपलेल्या पत्र्यावर स्वयंपाक केला. आता एकच ओटा करायचाय, तो मनासारखा.”

वहिनींना एकदम खोटं बोलायचा कंटाळा आला.

“ताई, तो काठ घासायला चार तास लागतात. सगळी कोरडी धूळ. घासणारा माझा नवरा आहे आणि त्याची छाती कामातून गेलीय.”

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला. “अगं बाई! मला कुठं ठाऊक होतं?” थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “मग असं करा ना, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या.”

हे त्या इतक्या मायेनं म्हणाल्या की वहिनींना थोबाडीत बसल्यासारखं झालं. दुसरा कुणी म्हणजे शेडमधला दुसरा कारागीर. त्याची छाती काय लोखंडाची होती? तळपायाची आग मस्तकात गेली. आणि परवा रात्रभर कूस बदलताना आपल्याही मनात अगदी हेच येऊन गेलं होतं, हे आठवलं तसा त्यांना स्वतःचाच जास्त संताप आला.

मालकानं ऐकलं होतं. हसत हसत पुढे आला. “वहिनी, घरची रडगाणी गिऱ्हाइकाला सांगत नसतात. ताई, तुमचा नागमोडीच होणार. परवा घेऊन जा.”

वहिनी उठल्या. खिळ्यावरची किल्ली काढली, कोठार उघडलं आणि खोक्याची दोरी दातांनी तोडली.

“काय चाललंय हे?” मालक मागून ओरडला.

“काम.”

मशीन कडेवर घेऊन त्या शेडमध्ये गेल्या तेव्हा मिस्त्री ताईंच्याच दगडावर खुणा करत होते.

“हे कुणी आणायला सांगितलं?”

“मी.”

“डोकं फिरलंय का तुझं? दोघांना हाकलून देईल तो!”

“देऊ दे! एकोणीस वर्षं लोकांची बोटं धरून मीच त्यांना भुलवलं. तुम्ही खोकत राहिलात आणि मी शाबासकी घेत राहिले. कोरडं काम आता या शेडमध्ये कुणीच करायचं नाही. तुम्ही नाही आणि पलीकडचा तोही नाही.”

पलीकडे दुसऱ्या कारागिरानं हातातलं मशीन बंद केलं आणि नळाला नळी लावायला गेला.

नळी पुरली, पण मशीनच्या तोंडाशी जोड सैल होता. पाणी चहूकडे उडू लागलं. वहिनींनी दोन्ही हातांनी जोड आवळून धरला. मालक दारात येऊन थांबला. “आजचा दिवस चालू दे. उद्या बघतो तुमच्याकडे.”

“उद्याचं उद्या,” वहिनी मान न वळवता म्हणाल्या.

मशीन सुरू झालं. धूळ उडाली नाही. दगडावरून दुधासारखं पांढरं पाणी ओघळलं आणि वहिनींच्या पायांवरून चपलांत शिरलं. पुढे काउंटरवरची घंटी वाजली. पुन्हा वाजली. कुणीतरी “अहो, आहे का कुणी?” अशी हाकही मारली.

मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली. मशीन थांबवून त्यांनी ती जाऊ दिली, बाहीनं तोंड पुसलं.

“जरा घट्ट धर,” ते म्हणाले.