उत्तराची टकटक

त्या कादंबऱ्यांना धाकटी मनापासून शिव्या घालायची, आणि त्यातली एकही तिने सोडली नव्हती. तीस वर्षांत सतरा भाग, एकेक भाग उशीएवढा जाड, आणि गोष्ट काय, तर काळ्या तळ्याच्या तळाशी एक शापित राजपुत्र राहतो आणि काठावर धातू वितळवून घंटा ओतणारी एक मुलगी राहते. प्रत्येक भागात ती नवी घंटा ओतते, तिच्या नादाने तो वर येतो, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात, मध्ये एखादं युद्ध, एखादी चेटकीण, आणि शेवटी घंटेला तडा गेला की त्याला परत पाण्यात जावं लागतं. पुढचा भाग येईपर्यंत वाचणाऱ्या बायका उसासे टाकत बसतात.

"सतरा वेळा ओलाचिंब होऊन आला मेला," धाकटी म्हणायची. "दुसरा कोणी असता तर पाचव्या भागात न्यूमोनियाने गेला असता."

"येतो ना पण?" ताई म्हणायची. "मग झालं तर."

"आणि ती तिची बहीण! सतरा भाग नुसता कंदील धरून उभी. तिला दुसरं काम नाही?"

"तिने कंदील खाली ठेवला तर सगळा अंधार पडेल," ताई म्हणायची. तिच्यापुढे कोणाचं चालणार?

या दोघी बहिणी, आणि दोघी एकाच छापखान्यात प्रुफं वाचायच्या. तळ्याची ती मालिका त्याच छापखान्यात छापली जायची. मागच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला त्यांचं टेबल होतं. धाकटी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि ताई समोरच्या प्रुफावर पेन्सिल फिरवत सगळं जुळतंय का ते बघायची. परिच्छेद संपला की धाकटीने टेबलावर दोनदा टकटक करायची. ताईला सगळं बरोबर मिळालं असेल तर तिने एकदा. ताईचं उत्तर आल्याशिवाय पुढचा शब्द तोंडातून काढायचा नाही. हा नियम ताईचा, आणि दुसरा नियमही तिचाच, की पुढचं पान उलटून बघायचं नाही. पुढे काय आहे ते कळलं की डोळा घसरतो आणि चुका निसटतात, असं तिचं म्हणणं. पंचवीस वर्षं हे असं चाललं होतं. सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की घरी कुणाचं पत्र वाचून दाखवतानाही धाकटीची बोटं ओट्यावर दोनदा वाजायची, आणि भाजी चिरता चिरता ताईची सुरी पाटावर एकदा.

पहिला भाग छापायला आला तेव्हा धाकटी तिथे नव्हती. ती तेरा वर्षांची होती आणि शाळेत जात होती. ताई सव्वीसची. आईवडील पाठोपाठ गेलेले, घरात या दोघीच. छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी होता, लाजरा, बोटं कायम शाईने काळी. त्या पहिल्या भागाची पानं त्यानेच जुळवली होती. त्याचं आणि ताईचं ठरलं होतं. मग त्याला दूरच्या शहरात मोठ्या छापखान्यात काम मिळालं. लगेच चल, तो म्हणाला. ताई म्हणाली, धाकटीचं शाळेचं वर्ष तेवढं संपू दे. मग मीच येतो तुम्हा दोघींना न्यायला, परीक्षा झाली की, असं सांगून तो गेला. परीक्षा झाली. धाकटी चांगल्या मार्कांनी पास झाली. तो आला नाही. एक पत्र आलं, पुढे तेही नाही.

ताईने यावर कधी चकार शब्द काढला नाही. धाकटीला मार्कांबद्दल नवा फ्रॉक शिवून दिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पण पुढे धाकटी त्याच टेबलाशी बसायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की राजपुत्र पाण्यातून वर येतो त्या परिच्छेदाला ताईची टकटक नेहमी जरा उशिरा येते. तेवढ्या उशिरात काय आहे ते धाकटी ओळखून होती. आपल्या एका शाळेच्या वर्षापायी ताईचा जन्म असा गेला, हा काटा तिच्या मनात रुतून बसला होता. त्या पुस्तकांवर ती एवढं तोंडसुख घ्यायची, ते खरं यासाठीच.

यंदा ताईच्या दुखण्याने घरात ठाण मांडलं. आधी नजर गेली, मग पायातलं बळ गेलं, मग डॉक्टर धाकटीला जिन्यापर्यंत घेऊन गेले आणि हळू आवाजात बोलले. त्याच आठवड्यात छापखान्यात अठरावा भाग आला. शेवटचा. लेखिकेने तसं पहिल्याच पानावर लिहून टाकलं होतं.

मॅनेजर स्वतः प्रुफांचा गठ्ठा घेऊन घरी आले. एरवी हा माणूस सुट्टी मागितली तरी तोंड वाकडं करणारा. "तपासायचं आम्ही तिकडे बघून घेतो," ते चपला न काढता दारातूनच म्हणाले. "तुम्ही आधी ताईंना वाचून दाखवा. सतरा भाग त्यांच्या हाताखालून गेलेत." आणि घाईघाईने निघून गेले.

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. ताईचा पलंग खिडकीशी, धाकटी शेजारी स्टुलावर. टकटक पलंगाच्या लाकडी कडेवर. ताईला आता काही जुळवून बघायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं, तरी तिचं बोट कडेवर तयार असायचं. दोनदा, एकदा. दोनदा, एकदा. चेटकीण मेली तेव्हा दोघी खूश झाल्या. कंदीलवाल्या बहिणीला सतरा भागांनंतर एकदाचं एक वाक्य बोलायला मिळालं, तेव्हा धाकटीने ते मुद्दाम दोनदा वाचलं. आठ दिवसांत दहाच पानं उरली.

नवव्या दिवशी सकाळी तोंड पुसून घेता घेता ताईने विचारलं, "या वेळी येईल ना ग तो? कायमचा?"

"न येऊन सांगतो कोणाला," धाकटी म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने पंचवीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पुढची पानं उलटली.

घंटावालीने शेवटची घंटा ओतली होती. ती तीन दिवस वाजवत होती. पाणी हललं नाही. चौथ्या पानावर लिहिलं होतं, तो आला नाही, आणि आता तो येणार नाही हे तिला कळलं.

धाकटीने तिथेच गठ्ठा मिटला. सहा पानं उरली होती, ती बघायचीही तिला इच्छा झाली नाही. लेखिकेच्या नावाने तिने जी मुक्ताफळं उधळली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. सतरा वेळा आणलास ना त्याला? मग एकदा, एकदाच, माझ्या बहिणीसाठी आणला असतास तर तुझ्या बापाचं काय जात होतं? हे असलं काही ताईला वाचून दाखवायला आपली जीभ रेटणार नाही, हे तिने ओट्याशी उभं राहून ठरवलं.

त्या दुपारी तिने पानं हातात धरली, नजरही पानांवर ठेवली, आणि मनाचं सांगितलं. सतरा भाग कोळून प्यायलेली बाई ती, तिला काय अवघड? तिसऱ्या दिवशी पाणी दुभंगलं. तो वर आला, केसांतून पाणी निथळतंय, आणि या वेळी घंटेला तडा गेला नाही. त्याने उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. हे वाक्य धाकटीने आवर्जून घातलं. मग तो दोघी बहिणींना घेऊन उजेडाच्या गावी गेला. ताईचं बोट कडेवर अधांतरी थरथरत होतं. अशक्तपणा, दुसरं काय, असं धाकटीला वाटलं.

"छान झालं," ताई म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "दमले ग."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पाणी पाजायला गेली. ताईने दोन घोट घेतले आणि शांतपणे म्हणाली, "काल तू टकटक केली नाहीस."

धाकटीने पेला खाली ठेवला.

"पंचवीस वर्षांत एकदा विसरली नाहीस. काल एकदासुद्धा नाही. मी बोट उचलून वाट बघत होते."

"अग, वाचायच्या नादात राहिलं..."

"मला नको शिकवूस. समोर कागदावर परिच्छेद असता तर तुझी बोटं आपोआप वाजली असती." ताईने दम घेतला. "नाही आला ना तो?"

धाकटीला रडू फुटलं. नाही, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"वेडे, तो येत नाही हे मला तीस वर्षं माहीत आहे," ताई म्हणाली. "दर भागात येतो ते वाचायला बरं वाटतं. तेवढीच मजा. पण शेवटच्या भागात मला त्याचं काही पडलं नव्हतं ग. तो आला नाही, की मग ती काय करते? तेवढं ऐकायचं होतं. मी केलं ते बरोबर केलं का, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही."

"मी तिथेच मिटलं, ताई. पुढचं वाचलंच नाही मी."

ताई हसली. हसणं कसलं, ओठ हलले तेवढंच. "पान उलटायचं नाही म्हटलं तर उलटलंस. आणि उलटलंस ते उलटलंस, पुरतं तरी वाचायचंस."

"आत्ता वाचते."

"आत्ता डोळा लागतोय. दुपारी वाच. टकटक करून."

दुपारी ताई हाक मारून उठली नाही. डोळे मिटलेले, श्वास जायचा आणि परत यायला वेळ लावायचा. धाकटीने रोज चारला येणाऱ्या नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच निघते. धाकटीने ताईचा हात उचलून पलंगाच्या कडेवर ठेवला आणि पानं घेतली. या वेळी खरी.

पहिला परिच्छेद संपला. दोनदा टकटक. ती डोळे फाडून त्या बोटाकडे बघत राहिली. बोट हललं. ताई ऐकत होती! दुसऱ्या परिच्छेदाला उत्तर उशिरा आलं, पण आलं. घंटावाली तीन दिवस घंटा वाजवत राहिली. टकटक, आणि उत्तर. मग ते चौथं पान आलं. तो आला नाही, आणि आता तो येणार नाही हे तिला कळलं. धाकटीने वाजवलं, आणि ताईचं बोट लगेच वाजलं. तिथे तिने जराही उशीर केला नाही.

पुढच्या परिच्छेदाला उत्तर आलं नाही.

धाकटी थांबली. पुन्हा वाजवलं. आणखी किती थांबायचं? काल या वेळी ताई पूर्ण शुद्धीवर होती, कान देऊन ऐकत होती, आणि आपण तिला बनवलेली गोष्ट ऐकवत बसलो. कालचा दिवस आपण तिच्या हातून काढून घेतला. मग तिने ताईचा पहिला नियमही मोडला. उत्तर न घेता, ताईच्या कानाशी वाकून, ती भराभर पुढे वाचत सुटली, एकेक पान खाली टाकत, शेवटच्या परिच्छेदापर्यंत.

"घंटावाली उठली. तळ्याकडे पाठ करून घरी आली. धाकट्या बहिणीने भट्टी विझू दिली नव्हती, कंदील घेऊन ती दारातच उभी होती. घंटावालीने ती शेवटची घंटा वितळवली, आणि बहिणीचे हात हातात धरून तिला धातू ओतायला शिकवलं. दोघींनी मिळून पुढे काय काय घडवलं त्याची यादी मोठी आहे. तळ्याकडे ती पुन्हा कधी गेलीच नाही असं नाही. जायची अधूनमधून, पाणी भरायला."

"ताई," धाकटी म्हणाली, "ऐकलंस? तिने हेच केलं ग. तू केलंस तेच. काही चुकलं नव्हतं तुझं."

तिने पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक केली आणि वाट बघू लागली.

दार लोटलेलंच होतं. नर्सबाई आत आल्या, पिशवी खाली ठेवली, ताईच्या मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि चादर वर ओढायला घेतली.

"थांबा," धाकटी म्हणाली. तिची नजर त्या बोटावरून हलली नव्हती. "अजून तिचं उत्तर यायचंय."