पिचकारी मासळीचा उपास

मित्रांनो, मी एक म्हातारी पिचकारी मासळी आहे. हसू नका. तोंडात पाणी भरायचं आणि वरच्या फांदीवर बसलेल्या किड्याला धार मारून खाली पाडायचं, हा आमच्या घराण्याचा धंदा. माझा नेम चुकला असं सांगायला एक माशी मागे उरलेली नाही.

जन्म खाडीतला. एक दिवस जाळ्यात सापडले आणि सांगलीच्या एका दुकानात, काचेच्या पेटीत दाटीवाटीनं येऊन पडले. तिथून हळदीचे व्यापारी नेमिनाथ यांनी मला सोडवून घरी नेलं. शोभेसाठी नव्हे. जैनाचं घर, गुदमरणारा जीव बघवला नाही. मी खाते काय, ते मात्र कुणी विचारलं नाही.

नेमिनाथांच्या आई चंदनबाला. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत, दिवस मावळल्यावर घास घेणार नाहीत. पहिल्याच संध्याकाळी त्या मला कौतुकानं बघत होत्या. मलाही मिरवायची खाज. दिव्यावर येणारं एक बारकं पाखरू पेटीच्या काठावर बसलं. मारली धार, पाडलं, गिळलं.

“अगं आई गं! नेम्या, जीव वाचवायला गेलास आन खाटीक घरात आणलास रं!”

“आई, मासाच त्यो. त्याला काय कळतंय?”

“तुला तरी कुठं कळतंय!”

आक्कांनी पाणी गाळायचं धुवट फडकं आणून पेटीवर घट्ट बांधलं. खायला कणकेच्या गोळ्या सोडल्या. त्या तळाला गेल्या. तळातलं खरकटं मी चिवडत नाही. मित्रांनो, नऊ दिवस असे गेले. पोट पाठीला लागलं. पोहताना कलंडायला लागले.

दहाव्या दिवशी दूध घालायला आलेल्या भामाबाईंनी फडकं उचलून बघितलं.

“आक्का, मासळी उपाशी मरतीया. तिला माशा-किडंच लागत्यात.”

“माझ्या घरात हिंसा न्हाई व्हायची.”

“मग ही मरतीया ती काय पूजा हाय व्हय?”

आक्का पाटावर बसल्या. पेटीवरचं फडकं सोडून मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, “तू घिऊन जा हिला. तुझ्या गोठ्यात माशा लय.”

“म्हंजी पाप माझ्या पदरात?”

“तुझ्या न्हाई, तिच्याबी न्हाई. माझ्याच. न इचारता दया केली मी.”

मी गोठ्यात आले. भामाबाईंनी पेटी गव्हाणीजवळ ठेवली. उपासानं अंगात जोर नव्हता. पहिली धार भामाबाईंच्या डोळ्यात गेली. (हा नेम मी मोजत नाही.) दुसऱ्या धारेला माशी पडली. काय सांगू तुम्हाला, त्या एका घासानं डोळ्यांपुढचा अंधार सरला.

आता मी गोठ्याची मालकीण आहे. म्हशीसुद्धा मला वचकून असतात.

मित्रांनो, मुका जीव घरी आणाल तर आधी त्याचं ताट विचारा. आपल्या ताटातलं वाढून त्याचं पोट भरत नाही, मग वाढणारा हात कितीही पुण्यवान असो.

आक्का अधूनमधून दुपारच्या येतात. मी धार मारायच्या बेतात असले, की पाठ फिरवून म्हशीकडे बघत उभ्या राहतात. पाण्यात डुबुक् वाजलं, की पाठमोऱ्याच हळूच विचारतात,

“भामे, जेवली का गं ती?”