गळक्या गाडीचं भांडण

आमची गाडी तेल गाळायला लागली आणि बाबांची मिस्त्रींशी असलेली तीस वर्षांची दोस्ती संपली. दोन्ही एकाच उन्हाळ्यात. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांमध्ये विस्तव जात नव्हता.

मिस्त्रींनी आधी इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं. आठवड्याभरात गाडीखाली पुन्हा ताटाएवढा डाग. बाबा गणिताचे मास्तर. उत्तर चुकलं तर कुणीतरी चुकलंय आणि तो माणूस आपण नव्हे, हा त्यांचा सिद्धांत. भर गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "मिस्त्री, तुझा हात गेला आता. दुकान बंद कर." मिस्त्रींनी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि पाठ फिरवली. तीन महिन्यांनी आई गेली. मिस्त्री आले, दाराबाहेर तासभर उभे राहिले आणि बाबांशी न बोलता परत गेले.

त्याआधीचे रविवार मला अजून लख्ख आठवतात. दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून वाकलेले, आणि आई पुढच्या सीटवर चपला काढून मासिक वाचत बसलेली. "झालं का ऑपरेशन? पेशंट जिवंत आहे ना?" असं ती दर दहा मिनिटांनी विचारायची. मिस्त्री ओरडायचे, "पेशंट ठणठणीत आहे वहिनी, नातेवाईकच फार बोलतात!" मग बाबा खो खो हसायचे. आई परत येणार नव्हती, पण हे दोघं तरी पुन्हा एका बॉनेटखाली यावेत, एवढी माझी इच्छा होती.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई आमच्या तेलावरून घसरल्या आणि गाडी हलवा म्हणून हटून बसल्या. बाबांना "हवा भरून आणते" अशी थाप मारून मी गाडी थेट मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री थकले होते. त्यांनी माझ्याआधी गाडीकडे पाहिलं. "अजून गळते?"

"गळते, काका."

त्यांनी इंजिन चालू ठेवलं, तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि तिथे वर्तमानपत्राचा कपटा धरला. कपटा ताडकन उडाला. मिस्त्रींचा चेहराच उतरला. "आतली वाफ कोंडलीय गं. तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती तेलाला ढकलते. मग सील शंभर बदला, मिळेल त्या फटीतून तेल येणारच."

त्यांनी इंजिनाच्या मागे हात घातला आणि वाफ बाहेर सोडणारी नळी वर ओढली. तिच्या तोंडात रबराचं बूच ठोकलेलं होतं आणि वरून नाडी गच्च बांधलेली होती. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पायजम्याची नाडी.

ती मी लगेच ओळखली. त्या उन्हाळ्यात बाबा घरात पायजम्याला सेफ्टी पिन लावून फिरायचे आणि मी त्यांची टिंगल करायचे. आईला तेव्हा एक दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागायचं. जळक्या तेलाचा वास गाडीत शिरला की तिला उलट्या व्हायच्या. एके दिवशी तो वास थांबला. "आज गाडीत बरं वाटलं," असं ती घरी आल्यावर म्हणाली होती. हे सगळं मी मिस्त्रींना सांगून टाकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईसाठी केलं होतं हे कळत असूनही मला बाबांचा असा संताप आला की काय सांगू. नळी बुजवायची स्वतः आणि जगासमोर हात गेला म्हणायचं मिस्त्रींना. चोराच्या उलट्या बोंबा. "द्या ते बूच इकडे. आत्ता जाऊन त्यांच्यासमोर ठेवते."

"नको," मिस्त्री म्हणाले. "सील वाकडं बसलं होतं, असं सांग मास्तरांना."

"खोटं का सांगू, काका?"

"अर्धंच खोटं आहे ते. ही नळी मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. मी आपला साप साप म्हणून भुई धोपटत बसलो." त्यांनी जुनी नळी काढून लांब नळी बसवली आणि तिचं तोंड गाडीच्या पोटाखाली सोडलं. आता वास आत येणार नव्हता. अर्ध्या तासाचं काम.

चार दिवस गाडीखाली तेलासाठी घातलेला पुठ्ठा कोरडा राहिला. बाबांनी विचारल्यावर मी मिस्त्रींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"कबूल केलं त्यानं?" बाबांचा चेहरा एकदम फुलला. "मी म्हणत नव्हतो? चल, भेटून येऊ. चुकतो माणूस. किती दिवस धरून बसायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते क्षमा करायला निघाले. मी दात-ओठ खात गाडी चालवत होते. गॅरेजात त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं विसरून जा. मी मनात ठेवलेलं नाही."

"उपकार झाले मास्तर," मिस्त्री म्हणाले. खरंच म्हणाले! आणि बॉनेट उघडलं. दोघं वाकले. बाबांनी सवयीने इंजिनाच्या मागे हात घातला, बोटांनी काहीतरी चाचपलं आणि तिथेच थबकले.

"मिस्त्री, इथली नळी?"

"बदलली. जुनी झाली होती."

"तिला बूच होतं."

"मला नाही बुवा दिसलं."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला खोटं रेटता येईना. मी खाली बघितलं. गणित त्यांना तिथेच सुटलं असावं.

"म्हणजे तेल माझ्यामुळे गळत होतं," ते अगदी हळू म्हणाले. "आणि मी तुला... चारचौघांत..."

"मास्तर," मिस्त्री म्हणाले, "वहिनी उलटी न होता दवाखान्यात पोचायच्या ना?"

बाबांनी मान हलवली.

"मग गळू दे की तेल."

बाबा तिथल्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडले. आईच्या वेळीसुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मिस्त्री त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले, आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.