बिल्किसआपांच्या अब्बांचं नाव

रामकिसनभाऊंना एकाच गोष्टीचा तोरा होता, वेळेचा. औरंगपुऱ्यातलं त्यांचं बियाण्यांचं दुकान नऊला म्हणजे नऊला उघडायचं आणि पाच मिनिटं उशिरा आलेल्या माणसाची ते दिवसभर खरडपट्टी काढायचे. २००९ साली एका कंपनीनं भरपूर माल खपवला म्हणून बावीस दुकानदारांना शुक्रवार ते रविवार सिंगापूरला न्यायचं ठरवलं, तेव्हा मंडळींनी एकमुखानं भाऊंनाच म्होरक्या केलं. आणि नेमका तिथंच त्यांनी घोळ घातला.

निघायच्या आदल्या दिवशी बिल्किसआपा दुकानात आल्या. दुकानामागच्या गल्लीत त्या शिवणकाम करायच्या. पंचवीस वर्षांचा शेजार, ईदला शीरखुर्मा इकडं आणि संक्रांतीला तिळगूळ तिकडं. त्यांचे अब्बा, मोहम्मद गौस, १९४१ साली निजामाच्या पलटणीतून मलायाला लढायला गेले. वय बावीस. आपा तेव्हा पोटात होत्या. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि पत्रं थांबली. पुढं सरकारी कागद आला, बेपत्ता आहेत, मेले असं धरून चाला.

आपांच्या अम्मीनं, सगीराबींनी, तो कागद मानलाच नाही. "कागद कोणीबी लिहितं. कुणीतरी बघून येऊन सांगावं," एवढंच म्हणाल्या. बांगड्या फोडल्या नाहीत, गळ्यातली काळी पोत उतरवली नाही, आणि नवऱ्याच्या नावानं फातिहा, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, कुणाला पढू दिला नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर अजिंठ्याकडचं गाव सोडून मुलीला घेऊन शहरात आल्या, तेव्हाही गावातल्या वाण्याकडं नवा पत्ता ठेवून आल्या, माणूस परतला तर वणवण नको म्हणून. सगीराबी गेल्या त्या पोतीसकट. आपा आता अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

"गल्लीतले प्रोफेसर म्हनले, लढाईत गेलेल्या ज्यांची कबर नाय, त्यांची नावं तिथं भिंतीवर कोरलीत," आपा म्हणाल्या. त्यांनी एक चिठ्ठी पुढं केली, तिच्यावर इंग्रजीत नाव आणि पलटण. सोबत अत्तराची इवलीशी बाटली. "नाव दिसलं तर त्याला अत्तर लावा. नाय दिसलं तर बाटली तशीच माघारी आना. पन भाऊ, सोताच्या डोळ्यानं बघा. अम्मीचा हट्ट व्हता, तो माझ्यावर ऱ्हायलाय."

"आपा, तुमचं काम आधी, फिरनं मागून," भाऊ म्हणाले. मनापासून म्हणाले, हे कबूल केलं पाहिजे.

शुक्रवारी मंडळींनी पाण्याची चूळ टाकणारा सिंहाचा पुतळा बघितला. मग लढाईच्या काळातली जमिनीखालची खोली बघितली. इंग्रज सेनापतींनी शरण जायचं तिथंच ठरवलं म्हणे. टेबलाभोवती त्यांचे पुतळे बसवले होते. चितेगावच्या बन्सीनं एका सेनापतीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला.

शनिवारी सकाळी दहाला भिंत, तिच्यासाठी एक तास, आणि एक वाजता पक्ष्यांचा बाग असं ठरलेलं. आधी न्याहारीला गाइडनं खाऊबाजारात नेलं. भाऊंनी घरून तीन दिवस पुरतील एवढे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, पण तो बाजार बघितला आणि त्यांचा जिभेवरचा ताबा सुटला. नारळाचा गोड मुरंबा लावलेला पाव, तव्यावरचा पराठा आणि रस्सा, तांदळाच्या वाफवलेल्या चकत्या. एक ताट संपलं की भाऊ दुसऱ्या रांगेत. दहा वाजले, साडेदहा वाजले.

"भाऊ, तुमची ती भिंत ऱ्हाईल बरं," बन्सी म्हणाला.

"बसा हो. भिंत काय पळून चाललीया?"

बस पोचली तेव्हा बारा वाजायला आले होते. गाइडनं पंधरा मिनिटं दिली. भाऊंच्या डोक्यात शाळेतल्या गुणवंतांच्या फळ्याएवढी भिंत होती. समोर हिरव्या टेकडीवर पांढऱ्या दगडांच्या ओळीच्या ओळी, आणि वर जाडजूड भिंतीच भिंती, खालपासून वरपर्यंत नावांनी भरलेल्या. हजारो नावं. नाव कुठं आहे ते सांगणारी वही होती, पण तिच्याभोवती आधीच माणसं उभी होती. भाऊ चिठ्ठी हातात धरून एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडं पळत राहिले. हैदराबादची पलटण सापडेना. खाली बसचा हॉर्न वाजला.

बाटली तशीच परत नेली तर आपा समजणार, नाव नाही. तेही खोटंच होणार होतं. भाऊंनी हाताशी आलेल्या नावावर अत्तराचं बोट ठेवलं आणि बन्सीला म्हणाले, "काढ फोटो." नाव बोटाखाली झाकलं गेलं. ते कुणाचं होतं, हे त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

परतल्यावर आपांनी एकच विचारलं, "डोळ्यानं बघितलं?"

"बघितलं."

आपांनी फोटो डोळ्यांना लावला. रडल्या नाहीत. "येत्या शुक्रवारी फातिहा करते," म्हणाल्या. "पयलाच."

तो आठवडा भाऊंना खायला उठला. गिऱ्हाईक कपाशी मागायचं आणि हे तुरीची पिशवी काढून द्यायचे. आपा रोज दारावरून जाताना सांगायच्या, आज तांदूळ आणले, आज मौलवीसाबांना सांगून आले. दर वेळी भाऊ तोंड उघडायचे आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायचे.

"म्हातारीचा जीव शांत झाला ना? मग सोडून द्या," बन्सीनं फोनवर समजूत घातली. भाऊंना ते पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःची आणखीच लाज वाटली. आपांना त्यांनी फसवलंच होतं. पण सगीराबींनी आयुष्यभर ज्याला मरू दिलं नाही, त्या माणसाला ह्यांनी एका न्याहारीपायी मारून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आपांच्या घरी गल्ली जमली. भाऊंना मौलवींच्या शेजारी बसवलं, कारण ते बघून आले होते. समोर खीर-पुरी, फोटोच्या चौकटीत भाऊंचं बोट. मौलवींनी हात उचलले आणि म्हणाले, "मरहूम मोहम्मद गौस..."

अडुसष्ट वर्षांत त्या नावाआधी मेलेल्या माणसाचा हा शब्द कुणी लावला नव्हता. भाऊ ताडकन उठले. "मौलवीसाब, जरा थांबा," म्हणाले आणि आपांना स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेले.

"आपा, मी खोटं बोललो. मला नाव सापडलं नाय. मी खात बसलो, उशीर झाला, आन कुनाच्या तरी नावाला अत्तर लावून आलो."

आपांनी शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यानं हलकं वाटलं असतं. पण आपांनी वेगळंच विचारलं.

"म्हंजे नाव तिथं नव्हतं?"

"व्हतं का नव्हतं, मलाच म्हाईत नाय. मी बघितलंच नाय, आपा."

आपांचे ओठ हलले. त्या मनात हिशेब करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बावीस आन अडुसष्ट, नव्वद. नव्वदीची मानसं जित्ती ऱ्हात्यात, भाऊ."

"आपा, असं नका..." एवढंच भाऊंच्या तोंडून निघालं.

पण आपा आत गेल्यासुद्धा. पदर सावरून मौलवींसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मौलवीसाब, अब्बाको मरहूम नक्को बोलो." मग लोकांकडं वळल्या, "खावा, खावा. फातिहा नाय, नुस्तं जेवन हाय."

त्या एकेकाला खीर वाढत पंक्तीतून फिरू लागल्या. चेहरा एखाद्या पोरीसारखा उजळला होता. रामकिसनभाऊंना तो बघवेना.