डावं पुढचं चाक

गाडी घेताना मोनिकाने एकच हट्ट धरला होता. रंग कुठलाही चालेल, आतलं सामान साधं चालेल, पण चाकं काळी हवीत. रविराजने शोरूममध्येच तिला समजावून पाहिलं की काळ्या चाकांवर सगळी घाण उठून दिसते, पुसता पुसता जीव जाईल. तिने ऐकलं नाही. पांढऱ्या गाडीखाली ती काळीभोर, चकचकीत चाकं तिला फार आवडली होती. शिवाय ही गाडी बहुतेक वेळा तीच चालवणार होती. रविराज नगरच्या एमआयडीसीत नोकरीला. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी गावी यायचा. मोनिका शेवगावच्या एका शाळेत गणित शिकवायची. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता ऊसवाहतुकीचा. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे डुलणाऱ्या ट्रॉल्या, मध्येच शेळ्यांचा कळप. ब्रेक सारखा मारावा लागायचा.

रविराजचं म्हणणं लवकरच खरं ठरलं. पुढची दोन्ही चाकं तपकिरी दिसायला लागली. रस्त्याची धूळ पाणी मारलं की जायची, ही जात नव्हती. वॉशिंग सेंटरवाल्याने सांगितलं की ही ब्रेकची धूळ आहे. ब्रेक दाबला की पॅड आणि लोखंडी डिस्क एकमेकांवर घासतात, आणि त्याची बारीक भुकटी गरम असतानाच उडून चाकाला चिकटते. मागे ड्रमचे ब्रेक, भुकटी आतल्या आत राहते, म्हणून मागची चाकं बरी दिसतात. पुढच्यांचं असं होणारच, असं तो म्हणाला.

होणारच म्हणून सोडून देणं मोनिकाच्या स्वभावात नव्हतं. तिने मोबाईलवर माहिती शोधली, व्हिडिओ पाहिले. चाकं पूर्ण गार झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही, तारेची घासणी वापरायची नाही, चाकाचं फडकं गाडीच्या अंगाला लावायचं नाही, हे सगळं ती शिकली. लोखंडाची भुकटी सोडवणारा एक फवाराही तिने मागवला. तो मारला की चाकावरून जांभळे ओघळ उतरायचे. पहिल्यांदा ते पाहून तिची सासू गोजरबाई अंगणात थबकली आणि चाकाला काही लागलंय का म्हणून विचारलं. मोनिका हसत हसत तिला समजावत बसली.

दिवाळीच्या सुट्टीत मोनिकाने चारही चाकं स्वच्छ धुऊन, कोरडी करून त्यांना कोटिंग लावलं. बाटलीतलं ते औषध स्पंजावर घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचं आणि मग मऊ फडक्याने पुसायचं. चाकावर काचेसारखा पातळ थर बसतो आणि भुकटी चिकटायची कमी होते. कोटिंग छान बसलं. आता नुसत्या पाण्याने चाकं लखलखायची. रविवारी रविराज घरी असला की तिला चिडवायचा, पण मित्रांना चाकं दाखवायलाही तोच पुढे असायचा.

फक्त डावं पुढचं चाक काही केल्या स्वच्छ राहीना. उजवं आठवडाभर काळं राहायचं आणि डावं दोन दिवसांत तपकिरी व्हायचं. मोनिकाला वाटलं, त्या चाकावर आपला हात नीट फिरला नसेल. तिने डाव्या चाकाचं कोटिंग पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. त्यातच गाडी किंचित डावीकडे ओढल्यासारखी तिला वाटू लागली. एकदा शाळेच्या आवारात उतरल्यावर काहीतरी जळल्याचा वासही आला, पण शेजारच्या शेतात उसाचं पाचट पेटवलेलं होतं, म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

फोनवर तिने रविराजला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, की नवीन शिकणाऱ्याला ब्रेकवर पाय टेकवून चालवायची सवय असते, ती मोडायला हवी. बोलण्यात राग नव्हता. गाडी चालवायला त्यानेच तर तिला शिकवलं होतं. रविवारी त्याने बाजारापर्यंत एक चक्कर मारली आणि गाडीत काहीच खोट नाही असं सांगितलं. पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू, इतकंच ठरलं.

मोनिकाला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच त्रास सुरू झाला. स्टिअरिंगवर बसलं की तिचं सगळं लक्ष स्वतःच्या उजव्या पायाकडे जायचं. आपण पाय उचलला का, टेकवला तर नाही ना. ट्रॅक्टर ओलांडताना तिला घाम फुटायला लागला. गोजरबाईला तालुक्याला डॉक्टरकडे न्यायचं असलं की ती काहीतरी निमित्त काढून रिक्षा सांगायची. जानेवारीत तर ती अधूनमधून एसटीनेच शाळेत जाऊ लागली. घरी कुणाला काही बोलली नाही. आपल्याला हे जमत नाही, असं तिने मनातल्या मनात मान्यच करून टाकलं होतं.

त्याच सुमारास ज्योतीचा, म्हणजे रविराजच्या बहिणीचा फोन आला. ज्योतीचा नवरा पार्थ राजूरला शिक्षक होता. तिची मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली होती आणि पहिले काही आठवडे नाशिकच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतच होती. डॉक्टरांनी कुणाला भेटू दिलं नव्हतं. गोजरबाईने आपली नात फक्त मोबाईलवर पाहिली होती, नळ्या लावलेली, तळहाताएवढ्या तोंडाची. आता बाळ घरी आलं होतं, बाळसं धरलं होतं, आणि रविवारी बारसं ठरलं होतं. फोन ठेवल्यावर गोजरबाई बराच वेळ देवासमोर बसून राहिली. मग उठून तिने पेटीतलं जपून ठेवलेलं नवं कापड काढलं आणि कुंची शिवायला बसली.

रविवारी पहाटे मोनिकाने चहाच्या आधी दोन्ही पुढची चाकं पुसली. शुभकार्याला जाताना गाडी स्वच्छ असावी, एवढंच तिच्या मनात होतं. चावी मात्र तिने आपण होऊन रविराजच्या हातात दिली. त्याला जरा नवल वाटलं, पण त्याने ती घेतली. मागच्या सीटवर गोजरबाई कुंची, वाळे आणि डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली. नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर असं करत ते अकोले गावात पोहोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. इथून पुढे घाट आणि मग राजूर. चहासाठी रविराजने एका हॉटेलसमोर गाडी लावली.

मोनिका डाव्या बाजूने उतरली आणि पुन्हा तोच वास आला. इथे जवळपास कुठे पाचट पेटलेलं नव्हतं. ती खाली वाकली. पहाटे आरशासारखं पुसलेलं चाक तपकिरी झालं होतं. ती गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली. ते चाक काळंच होतं, नुसती रस्त्याची धूळ बसलेली. मोनिका तिथेच थांबली. आज घरापासून इथपर्यंत तिचा पाय ब्रेकला लागलाच नव्हता.

हे लक्षात आल्यावर आधी तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. आपला पाय नाही, तर मग गाडीतच काहीतरी आहे.

"अहो, जरा इकडे या," तिने हाक मारली.

रविराज चहाचा कप हातात घेऊन आला. चाक तापलंय असं तिने सांगितलं. इतका वेळ गाडी पळाली तर चाक तापणारच, असं तो म्हणाला.

"दोन्हीजवळ हात धरून बघा. लावू नका, नुसता जवळ धरा."

त्याने उजव्या चाकाजवळ हात धरला. मग डावीकडे येऊन धरला आणि झटकन मागे घेतला. कप त्याने बॉनेटवर ठेवला. पुन्हा एकदा दोन्हीकडे जाऊन पाहिलं.

"सकाळी मी दोन्ही चाकं सारखीच पुसली होती," मोनिका म्हणाली, "आणि आज सगळा रस्ता तुम्ही चालवलीय."

 तिला काय म्हणायचंय ते रविराजला समजलं होतं. मग घड्याळाकडे बघून तो म्हणाला की आता राहिलंय ते थोडंच अंतर, बारशाची वेळ होत आली, हळूहळू जाऊ आणि राजूरला दाखवू. इतर वेळी मोनिका गप्प बसली असती. आज तिने नकारार्थी मान हलवली. पुढे घाट आहे, या चाकावर आईंना बसवून मी घाटात येणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. आवाज चढवला नाही, पण जागची हललीही नाही.

काच खाली करून गोजरबाई सगळं ऐकत होती. नातीला पाहायची सगळ्यांत जास्त घाई तिलाच होती. रविराजने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "नात कुठं पळून चालली न्हाई. ती म्हनती तर आधी गाडी दाखव."

हॉटेलवाल्याने जवळच्याच एका गॅरेजचा पत्ता सांगितला. तिथवर रविराजने गाडी अगदी सावकाश नेली. गॅरेज अमृत नावाच्या मेकॅनिकचं होतं. रविवार असूनही तो कामावर होता. चाक थोडं निवल्यावर त्याने ते काढलं, आत डोकावला आणि रविराजला जवळ बोलावलं. ब्रेकचा आतला पॅड झिजून संपला होता. त्याच्यावरचा मसाला, म्हणजे घासणारा थर, उरलाच नव्हता, नुसती पत्र्याची पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कवर खोल चरे पडले होते.

अमृतने पकडीने एक खीळ ओढून दाखवली, ती निघेना. या खिळीवर ब्रेकचा जबडा मागेपुढे सरकतो, तो म्हणाला. तिच्यावरचं रबर फाटलं, आत चिखलपाणी गेलं, गंज धरला. मग ब्रेक एकदा दाबला की हे चाक सुटतच नाही, धरूनच राहतं.

मोनिकाच्या मनात एक शंका सलत होती. तिने ती विचारूनच टाकली. मी चाकं सारखी धुते, फवारा मारते, कोटिंग केलं, त्याने तर असं झालं नाही ना.

"नाही ताई. रबर फाटलं की फाटलं, त्याला कोण काय करणार."

"आणि ब्रेकवर पाय टेकवून चालवलं असेल तर?" हे रविराजने विचारलं.

"मग दोन्हीकडचं सारखंच झिजलं असतं, दादा. उजवीकडचं बघा की. चांगलं हाय." अमृतने पट्टी हातात तोलली. "घाटात ब्रेक लई तापला असता, तर पायडल एकदम खालीच बसलं असतं. इथं थांबला ते बरं केलं."

रविराज चाकाशेजारी उकिडवा बसला होता.  तो उठून मोनिकाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी नीट बघितलंच नाही. तुलाच सांगत राहिलो." मोनिकाने नुसती मान हलवली.  ती गॅरेजच्या मागच्या नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि पदर डोळ्यांना लावून थोडा वेळ तिथेच उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले होते.

सामान गावातल्याच एका दुकानात मिळालं. दोन्ही बाजूंना नवे पॅड, डावीकडे नवी डिस्क, नवी खीळ, नवं रबर. काम चाललं होतं तोवर रविराजने ज्योतीला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. गोजरबाई बाजूच्या बाकावर बसून ऐकत होती. बारसं आता आपल्याशिवायच होणार, हे तिने मनाशी धरलं होतं. तेवढ्यात ज्योतीने फोन आईकडे द्यायला सांगितलं. ज्योतीच्या सासूबाई म्हणत होत्या की आजी आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही, बायका थांबल्यात, तुम्ही सावकाश या. गोजरबाईने "बरं बाई" म्हटलं आणि फोन परत देताना तोंड दुसरीकडे फिरवलं.

गाडी तयार झाल्यावर रविराजने एक चक्कर मारून पाहिली. परत आल्यावर तो इंजिन चालूच ठेवून उतरला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला. मोनिकाने त्याच्याकडे पाहिलं. तो पट्टा लावत होता.

ती स्टिअरिंगवर बसली. गावाबाहेर सरळ रस्ता लागल्यावर तिने हातांची पकड जराशी सैल केली. गाडी सरळ जात राहिली. घाटात चढणीला तिने गिअर बदलला, उताराला ब्रेक दाबला, पाय उचलला, आणि पायाकडे लक्ष द्यायची तिला गरजच पडली नाही. डोंगर जवळ आले होते, हवेत गारवा होता. मागच्या सीटवर गोजरबाई रविराजला ज्योतीच्या लहानपणची काहीतरी गोष्ट सांगत होती, आणि मोनिका ती ऐकता ऐकता हसत होती. कित्येक आठवड्यांत गाडी चालवताना ती हसली नव्हती.

राजूरला पार्थ रस्त्यावरच येऊन उभा होता. घरात बायकांची गर्दी होती, पाळण्याला फुलं बांधलेली होती. ज्योतीने बाळ आईच्या हातात दिलं. गोजरबाईने कुंची घातली, ती बाळाला मोठी झाली, नाकापर्यंत आली. सगळ्या हसल्या. बाळाने जांभई दिली. आता तोंडावर नळी नव्हती, गाल भरले होते. मग बाळाच्या आत्याने, पार्थच्या बहिणीने, कानात नाव सांगितलं, राजनंदिनी, आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

मोनिका दाराशी टेकून उभी होती. कुणीतरी तिच्या हातात घुगऱ्यांची वाटी ठेवली. पहिला घास खाल्ल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही. ती तिथेच उंबऱ्यावर बसली, वाटी संपवली आणि ज्योतीच्या सासूबाईंकडे अजून थोड्या मागितल्या.